एसीपी परत आले; आता आणखी काय मागायचं?

एप्रिल २०२५ मध्ये सोनी वाहिनीने समाजमाध्यमांवर एका माणसाला श्रद्धांजली वाहिली. नावापुढे साल घातलं होतं, १९९८ ते २०२५. 'सीआयडी'तले एसीपी प्रद्युमन बॉम्बस्फोटात मारले गेले होते. खऱ्या निधनाची बातमी फिरावी तशी ही बातमी फिरली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका आत्याने तर 'शिवाजी साटम यांना भावपूर्ण श्रद्धांजली' असं टाकलं आणि कुणी खात्री करायच्या आत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. साटम ठणठणीत आहेत, गेले ते मालिकेतले, हे कळल्यावर आत्याला हायसं वाटायला हवं होतं. ती उलट जास्तच भडकली. 'एवढी वर्षं खुनी पकडले त्या माणसाने, त्याला असं उडवून टाकतात?'

असे भडकलेले लोक त्या आठवड्यात जिकडेतिकडे भेटत होते. लोकलच्या डब्यात, पापड लाटताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर. नवे एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान आला. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता, पण त्या खुर्चीत तेव्हा कुणीही बसलं असतं तरी लोकांनी नाकं मुरडलीच असती. मग काही आठवड्यांतच एसीपी प्रद्युमन परत आले. गेलेला माणूस परत कसा येतो याचं काहीतरी स्पष्टीकरण मालिकेने दिलं असेल, त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. माणूस परत आला, विषय संपला.

मी यात प्रेक्षकांच्या बाजूने आहे. त्यांना भाबडं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट आठवत नाही. याच मालिकेतले फ्रेडी, म्हणजे दिनेश फडणीस, डिसेंबर २०२३ मध्ये खरोखरच गेले. वर्षभराने, डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांची जागा मोकळी होती आणि ती लोकांना जाणवत होती. ज्या प्रेक्षकाने खरा माणूस गमावला आहे त्याच्यापुढे खोटी श्रद्धांजली जाहिरात म्हणून लावायची, याला हलकेपणा म्हणतात. लोकांनी तो बरोबर ओळखला आणि वाहिनीच्या पदरात घातला.

पण मला बोलायचं आहे ते या विजयानंतरचं.

गुन्हेगारी मालिकांवर टीका झाली की दोन उत्तरं ठरलेली असतात. वाहिनीवाले म्हणतात, लोकांना हेच हवं असतं. लोक म्हणतात, आपलं कोण ऐकतंय? त्या एप्रिलनंतर दोन्ही उत्तरं निकालात निघाली. ऐकतात. लोकांनी ओरडा केला तर मेलेली माणसं जिवंत करण्याइतकं ऐकतात. मग प्रश्न उरतो तो आपण नक्की कशासाठी ओरडतो हा. त्याचं उत्तर मला तरी फारसं अभिमानाचं वाटत नाही. आपण चेहरे मागतो. आपला लाडका चेहरा परत द्या, बाकी गोष्ट कशीही सांगा.

हा आजार फक्त 'सीआयडी'चा नाही, आणि चेहरा नेहमी पोलिसाचाच असतो असंही नाही. 'मिर्झापूर'चं तिसरं पर्व जुलै २०२४ मध्ये आलं तेव्हा सगळ्यांची एकच तक्रार होती, मुन्नाभैया नाही तर मजा नाही. हा मुन्ना दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मारला गेलेला, आणि जिवंत असताना त्याने काय काय केलं ते आठवलं तर त्याची आठवण येणं हेच नवल. तरी महिना-दोन महिन्यांत निर्मात्यांनी त्याला घेऊन एक जादा भाग काढला. त्याआधी 'सेक्रेड गेम्स'. या आपल्या मुंबईच्या गोष्टीचं दुसरं पर्व १५ ऑगस्ट २०१९ ला आलं. त्यात एका गुंडाचा फोन नंबर म्हणून पडद्यावर दिसलेला आकडा खराच निघाला. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी करणाऱ्या एका साध्या माणसाला वेगवेगळ्या देशांतून फोन सुरू झाले. नेटफ्लिक्सने माफी मागून तो नंबर काढून टाकला. लोकांनी नंबर लिहून घेऊन, पदरचे पैसे खर्चून डॉनला फोन लावला, हे मला फार बोलकं वाटतं. त्या पर्वाच्या शेवटाबद्दल मात्र लोक वैतागले होते: मुंबई वाचली की नाही ते सांगा. प्रश्न अगदी रास्त. फोन मात्र डॉनला.

आता मराठीकडे येऊ, कारण आपल्याकडे हा प्रकार जास्त गुंतागुंतीचा आहे.

झी मराठीवर ऑगस्ट २०२० च्या शेवटी 'देवमाणूस' सुरू झाली. लॉकडाऊनचे दिवस, रात्री साडेदहाची वेळ, आणि घरातून बाहेर पडायची सोय नसलेला महाराष्ट्र. गावात डॉक्टर म्हणून वावरणारा, लोक ज्याला देव मानतात असा माणूस एकामागून एक बायकांना फसवतो आणि मारतो. किरण गायकवाडने काम इतकं थंड डोक्याने केलं की अंगावर काटा यावा. सरू आजीच्या म्हणींवर घराघरात हशा पिकायचा. मालिका ऑगस्ट २०२१ मध्ये संपली, आणि चार महिन्यांत दुसरं पर्व हजर. २०२५ च्या जूनमध्ये तिसरं आलं, 'मधला अध्याय' या नावाने. प्रत्येक वेळी प्रेक्षकांची तक्रार तीच: याला शिक्षा का होत नाही? पोलीस एवढे मूर्ख कसे? आणि त्याच दमात: पुढचं पर्व कधी?

या तक्रारीत एक मोठी गंमत आहे. 'सीआयडी'त पोलीस कायमचे असतात आणि खुनी दर आठवड्याला बदलतो. 'देवमाणूस'मध्ये खुनी कायमचा असतो आणि पोलीस बदलतात. पर्वापर्वाने चालणाऱ्या मालिकेचा नायक कोण हे ओळखायची सोपी खूण म्हणजे पुढच्या पर्वात कोण परत येणार आहे ते बघायचं. मग त्याच्याशी ज्याची गाठ पडेल तो मरणार, बावळट ठरणार किंवा बदली होऊन जाणार, हे ओघानेच येतं. खुन्याला फाशी झाली तर दुकान बंद. म्हणजे 'शिक्षा का होत नाही' हा प्रश्न लेखकाला विचारून उपयोग नाही. तो विचारायचा तर पर्व नावाच्या व्यवहारालाच विचारायला हवा, आणि त्या व्यवहारात आपणही भागीदार आहोत. गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यात आपलं घर धरलेलं नसलं तरी.

'देवमाणूस' सत्य घटनेवर बेतलेली आहे हे सुरुवातीपासून सगळ्यांना माहीत होतं. वाई तालुक्यात धोमला ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीस आलेलं प्रकरण. डॉक्टर म्हणून मिरवणारा एक माणूस, पोलिसांच्या म्हणण्यानुसार सहा खून, फार्महाऊसच्या आवारातून उकरून काढलेले मृतदेह. त्या वेळच्या बातम्या ज्यांनी वाचल्या असतील त्यांना सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट आठवत असेल. यातला पहिला खून २००३ चा सांगितला जात होता. मध्ये तेरा वर्षं. त्या तेरा वर्षांत एकेक माणूस गावातून नाहीसं होत होतं आणि नाहीशा झालेल्या माणसामागे घर असतं, घरातलं कुणीतरी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं असतं. पोलिसांच्या भाषेत त्याला 'मिसिंग' म्हणतात. मिसिंग दाखल झाली, मिसिंग पेंडिंग आहे.

मला विचाराल तर वाईची खरी गोष्ट त्या फाइलींत आहे. थंड डोळ्यांच्या डॉक्टरची गोष्ट त्यानंतर. इतकी वर्षं माणसं बेपत्ता होत असताना ते कागद कुणाच्या कपाटात पडून होते? 'ती कुणाबरोबर तरी गेली असेल' हे वाक्य किती जणांनी किती वेळा उच्चारलं असेल? एका मालिकेची तीन पर्वं झाली, पण या गोष्टीभोवती एकही पर्व उभं राहिलं नाही. आणि मुद्दा असा की ते आपण मागितलंही नाही. आपण मालिकेतल्या डिंपलचं काय झालं ते विचारलं, सरू आजीला आणखी वेळ द्या म्हटलं, डॉक्टर परत येणार का याची चौकशी केली. ज्या घरांतल्या बायका गेल्या त्या घरांतही टीव्ही असेल, याची आठवण त्या गप्पांमध्ये कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

याच्या उलट प्रेक्षकांच्या रागामुळे एक भागच काढून टाकायची वेळ आली, असंही झालंय. वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत झालेला खून नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडकीस आला. डिसेंबर संपायच्या आत 'क्राइम पेट्रोल'मध्ये त्याच्याशी मिळताजुळता भाग दाखवला गेला. लोक खवळले, बहिष्काराची हाक दिली गेली, आणि सोनीने खुलासा करून, माफी मागून तो भाग उतरवला. म्हणजे पुन्हा प्रेक्षक जिंकले. तक्रार काय होती? पात्रांची नावं आणि धर्म बदलले ही. तपास अजून चालू, आरोपपत्र दाखल व्हायचं, घरच्यांच्या हातात अंत्यविधीपुरतंही काही आलेलं नाही, अशा वेळी नाट्यरूपांतर करायची घाई कशाला, हा प्रश्न त्या कल्लोळात कुणाच्याच तोंडून ऐकू आला नाही. नावं जशीच्या तशी ठेवली असती तर तोच भाग आपण चहा पीत बघितला असता.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त हवालदार राहतात. मुंबईतल्या पाच-सहा ठाण्यांत नोकरी केलेले. सगळे त्यांना काका म्हणतात. शनिवार-रविवारी रात्री दहाला 'सीआयडी' लागली की काका न चुकता बघतात आणि बघता बघता नोकरीवर असल्यासारखे चुका काढतात. मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे प्रेतावर वाकून दोन मिनिटांत विषाचं नाव सांगतात तेव्हा काका हमखास म्हणतात, 'आमचा व्हिसेरा कलिन्याला गेला की आम्ही त्याचा वाढदिवस करायचो.' व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले प्रेताचे अवयव, आणि कलिन्याला म्हणजे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. तिथून येणाऱ्या अहवालाला पोलीस सीए रिपोर्ट म्हणतात आणि 'सीए यायचाय' या दोन शब्दांवर खटले कसे लोंबकळतात ते कोर्टात कामानिमित्त गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. एका रविवारी मालिकेतल्या इन्स्पेक्टरने रक्ताने माखलेला चाकू रुमालात उचलून खिशात टाकला. काका उठून उभेच राहिले. 'अरे, पंच कुठायत? सील कुठाय? सुतळी, लाख, लेबल, पंचांच्या सह्या... हा चाकू कोर्टात गेला तर बचावाचा वकील ह्याचीच भाजी चिरेल!' काकू आतून म्हणाल्या, 'तुम्ही खाली बसा आधी, बीपीची गोळी घेतलीत का?'

काकांची सगळ्यात आवडती तक्रार मात्र कानफटात मारण्याबद्दल आहे, आणि ती त्यांनी करावी यात मौज आहे, कारण आपण नोकरीत काय साधूसंत नव्हतो हे तेच सांगतात. शेवटच्या पाच मिनिटांत संशयिताला घेरायचं, इन्स्पेक्टर दयाने एक ठेवून द्यायची आणि त्याने घडाघडा सगळं ओकायचं, हा 'सीआयडी'चा ठरलेला शेवट. आता कायदा बघा. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे आजचं नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तेच कलम २३ मध्ये आहे. मोक्कासारखे काही अपवाद सोडले तर ती घडाघडा ओकलेली कबुली कोर्टाच्या दारात शून्य. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, पुरलेलं प्रेत सापडलं, तर तेवढ्यापुरता तिचा उपयोग. इंग्रजांनी हे कलम घातलं कारण त्यांच्या पोलिसांचे हात कसे चालतात हे त्यांना माहीत होतं. दीडशे वर्षं झाली तरी कुणाला ते काढून टाकायची हिंमत झाली नाही, कारण हात अजून तसेच चालतात हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून द्यावे लागले आणि २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा म्हणून सांगावं लागलं.

म्हणजे ज्या क्षणाला आपण टाळ्या वाजवतो तो क्षण खटल्याच्या दृष्टीने फुकट गेलेला असतो. वर त्या थपडेमुळे आरोपी सुटायची सोय होते.

यावर लगेच उत्तर येतं: अहो, करमणूक आहे, मनावर काय घेता? रात्री दहा वाजता, दोन लोकल बदलून घरी पोचल्यावर, माणूस पंचनामे वाचायला बसणार आहे का? हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. बदलापूर-कसाऱ्याहून येणारा माणूस दिवसभर अशा कार्यालयांशी झगडत असतो जिथे काहीच लवकर होत नाही. त्याला अर्ध्या तासात न्याय झालेला बघायचा असतो, आणि त्यात गैर काय? कीर्तनातही पापी माणसाचा शेवट वाईटच होतो. दया लाथ मारून दरवाजा तोडतो तेव्हा बघणाऱ्याच्या मनातलाही एक दरवाजा तुटत असणार. माझं म्हणणं एवढंच की हाच प्रेक्षक मालिकेतली प्रत्येक चूक पकडायला कमालीचा तयार आहे. मागच्या भागात खुनी डावखुरा होता आणि आता उजव्या हाताने सही करतो, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. मढचा तोच बंगला चौथ्यांदा घटनास्थळ म्हणून आला की तो सोफ्यावरून ओळखतो. 'सीआयडी'ने २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक अख्खा भाग एका सलग शॉटमध्ये केला तेव्हा त्याचं कौतुकही याच प्रेक्षकाने केलं. इतक्या बारकाईने बघणारा माणूस थपडेच्या वेळी मात्र डोळे मिटून घेतो. हे डोळे मिटणं थकव्यातून येतं असं मला वाटत नाही. ते आपल्याला आवडतं.

आणि ते पडद्यावरच आवडतं असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले. लोक रेल्वे रुळांवर उतरले, कित्येक तास गाड्या बंद. त्या संतापात एक मोठा वाटा या गोष्टीचा होता की तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं गेलं. महिन्याभराने आरोपी पोलिसांच्या गाडीत, मुंब्र्याजवळ, पोलिसांच्या गोळीने मेला. पेढे वाटले गेले. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं उच्च न्यायालयाला सांगितलं, तेव्हा ती बातमी किती जणांनी पूर्ण वाचली? बदलापूरला जे झालं ते मालिका बघून झालं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं बावळटपणाचं होईल. पण दोन शेवट शेजारी ठेवून बघा. एका बाजूला ज्या टेबलावर पालकांना ताटकळत ठेवलं त्या टेबलाचा हिशेब, दुसऱ्या बाजूला गाडीतली गोळी. लोकांना कुठला शेवट ओळखीचा वाटला? रोज रात्री जो बघतो तो.

ते टेबल आपल्या एकाही लोकप्रिय मालिकेत नाही, हेच माझं खरं गाऱ्हाणं आहे. त्या टेबलामागच्या माणसाला पोलिसांत ठाणे अंमलदार म्हणतात. ठाण्यात शिरल्यावर समोर बसलेला, डायरी उघडून, पेनाचं टोपण दातात धरून 'बोला' म्हणणारा माणूस. सामान्य मुंबईकराची पोलिसांशी जी काही गाठ पडते ती नव्याण्णव वेळा याच्याशी, एसीपीशी नाही. तक्रार घेतली जाणार की नाही, कुठलं कलम लागणार, 'हे आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा' असं ऐकावं लागणार का, हे सगळं त्या टेबलावर ठरतं. कायद्याने आता हद्दीचं कारण सांगता येत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. पण हे माहीत असलेली बाई आणि ते माहीत असूनही टाळणारा अंमलदार समोरासमोर आले की जे घडतं त्यात बॉम्बस्फोटापेक्षा जास्त नाट्य आहे. मालिका सुरू होते ती प्रेतापासून. खरा गुन्हा बऱ्याचदा सुरू होतो न घेतलेल्या किंवा घेऊन पडून राहिलेल्या तक्रारीपासून. वाईलाही तेच, बदलापूरलाही तेच.

काका एकदा याबद्दल बोलले, नेहमीसारखी मस्करी न करता. म्हणाले, 'मिसिंग घेऊन आलेल्या आईला आम्ही काय सांगायचो? दोन दिवस वाट बघा, नातेवाइकांकडे विचारा, मैत्रिणीकडे गेली असेल. प्रद्युमनसाहेबांनी कधी कुणाला दोन दिवस वाट बघायला सांगितलंय का? म्हणून लोकांना तो आवडतो गं. गेल्या गेल्या ऐकून घेतो.' हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लोक एसीपींसाठी का ओरडले, याचं हे मला मिळालेलं सगळ्यात पटणारं कारण आहे. सेंट्रल बँकेत नोकरी केलेल्या साटमांचा तो मध्यमवर्गीय, थोडा चिडका, बोटं फिरवत विचार करणारा चेहरा ऐकून घेणाऱ्या माणसाचा आहे. थप्पड दयाची, ऐकणं एसीपींचं. आपण मागितलं ते ऐकणंच असेल तर मग मागणी चुकीची नव्हती, अर्धीच होती.

अशी गोष्ट लिहिता येत नाही किंवा ती चालत नाही, हे खरं नाही. 'दिल्ली क्राइम'च्या पहिल्या पर्वात, २०१९ मध्ये, एका भयंकर गुन्ह्याचा तपास दाखवला तो ठाण्यातल्या वीज जाण्यासकट, गाडीत डिझेल नसण्यासकट, झोप न झालेल्या पोलिसांसकट. जगभर बघितली गेली, पुढच्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. तिच्यातही पोलिसांची बाजू जरा जास्तच घेतली आहे असं मला वाटतं, पण निदान त्यात कुणी काचेच्या नळीत निळं पाणी ओतून खुनी ओळखत नाही. आणि दिल्लीपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' होतीच. 'सीआयडी'चे बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम हीच जोडी, मुंबई पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेले भाग, ना मोठे सेट ना बॉम्ब. ज्यांनी ती बघितली आहे ते अजून तिची आठवण काढतात, आणि ती थपडेसाठी काढत नाहीत. म्हणजे हे कसब याच लोकांच्या हातात होतं. आपण मागायचं सोडलं, त्यांनी द्यायचं सोडलं.

तर पुढच्या पर्वाच्या वेळी, पहिला भाग संपून आपण मोबाइल हातात घेऊ तेव्हा, एसीपी हवेत, फ्रेडीसारखा कुणीतरी हवा, डॉक्टर साळुंख्यांची खोडी काढणारा अभिजीत हवा, हे सगळं जरूर लिहू. मीही लिहीन. पण एक भाग असाही मागू ज्यात पहिली पंधरा मिनिटं फक्त ठाणे अंमलदाराचं टेबल आहे. 'देवमाणूस'वाल्यांकडे असं पर्व मागू ज्यात डॉक्टर दिसत नाही, दिसतात त्या बेपत्ता बायकांच्या घरची माणसं आणि त्यांचे ठाण्याला मारलेले हेलपाटे. नव्या कायद्याप्रमाणे झडतीचं चित्रीकरण बंधनकारक आहे आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. तज्ज्ञाच्या या नियमासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे, आणि या मुदतीतच दहा कथानकं दडलेली आहेत.

दयाने दरवाजा तोडावा, माझी हरकत नाही. पण तोडण्याआधी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवून त्याने विचारावं, 'साहेब, पंच म्हणून दोन मिनिटं येता का?' आणि समोरच्या साहेबांनी, बहुधा हातात रिमोट घेऊनच, 'नको बाबा, आम्हाला कोर्टाच्या फेऱ्या नकोत' म्हणून दार लावून घ्यावं. मग त्या जिन्यात उभं राहून एसीपी, अभिजीत आणि दया पुढचा अर्धा तास काय करतात, ते बघायला मी शनिवारी रात्री दहाला नक्की बसेन.